पंच्याखालचा भाव

एका मे महिन्यात मी दाजी शिवलकरांना धंद्यात हरवायचं म्हणून तीन हजार रुपयांचा व्हिडिओ गेम विकत घेतला. ती चूक होती. तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही, कारण आमच्या वाडीतली माणसं ती अजून लग्नाच्या पंगतीत सांगतात, आणि तीही मी समोरच्याच पानावर बसलेला असताना.

पण आधी दाजींबद्दल सांगायला हवं.

दाजी कुठल्याही वस्तूचा भाव तोंडाने बोलत नसत. तीस-पस्तीस वर्षं आंब्याच्या व्यापारात काढलेला माणूस. मोहोर बघून बागा कराराने घ्यायच्या, पेट्या भरायच्या, त्याच ट्रकात बसून मुंबईच्या फळबाजारात जायचं आणि तिथे पंच्याखाली हात घालून सौदा करायचा. त्या बाजाराची ही जुनी रीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर पंचा टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बोलतात. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा दाबला की पाच, पुढच्या खुणा मुरलेल्यांनाच ठाऊक. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. चेहऱ्यावर मात्र दोघांच्याही घरात कुणी गेल्याचं दुःख असावं लागतं.

दाजींनी ही रीत घरी आणली होती. मासळीवाली दारात आली की ते लाल चौकड्यांचा पंचा पुढे करायचे. चार बांगड्यांसाठी पंच्याखाली हात घालायला तिला कुठला वेळ? ती मोठ्याने दर सांगायची आणि दाजी कानांवर हात ठेवायचे. "तोंडानं बोलू नको गो," म्हणायचे, "भाव उष्टा होतो." न्हावी, कौलं शाकारणारा, उन्हाळ्यात विहीर उपसायला येणारे गडी, सगळ्यांपुढे तो पंचा यायचा, पण हात कुणी घालत नसे. एकदा हातखंब्याला जाताना त्यांनी एसटीच्या कंडक्टरपुढेही पंचा धरला होता. कंडक्टरने त्याच्यावर तिकीट ठेवलं आणि पुढे गेला.

त्यांची बायको, आमची काकी, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा विलास मुंबईत. त्याने त्याच फळबाजारात गाळा घेतला, गाळ्यात फोन घेतला आणि वडिलांना सांगितलं की बाबा, आता तुम्ही आराम करा. आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते दाजींना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपले रोज सकाळी पंचा खांद्यावर टाकून फाटकात उभे राहायचे. मग विलासने त्यांना करमावं म्हणून टीव्ही घेऊन दिला, आणि पुढल्या वर्षी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. कुणाकडून तरी दुबईहून आणवलेला.

तो गेम म्हणजे एक चपटा काळा डबा आणि त्याला दोन गोल खुंट्या. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका. खुंटी फिरवली की पट्टी वर-खाली व्हायची आणि ठिपका टुक टुक करत इकडून तिकडे जायचा. याला टेनिस म्हणायचं. बटण दाबलं की पट्ट्या दुप्पट व्हायच्या, त्याला हॉकी म्हणायचं. एवढाच माल.

मे महिन्यात आमची वाडी दुप्पट होते. चाकरमानी पोराबाळांसकट गावी येतात. पोरं सकाळी आंबे खातात, संध्याकाळी समुद्रावर जातात आणि मधल्या उन्हाच्या वेळात घरच्यांचा जीव खातात. दाजींनी टीव्ही पडवीत आणून ठेवला आणि पोरांना सांगितलं की अर्धा अर्धा तास खेळायला मिळेल, भाव पंच्याखाली.

ते दृश्य मी समोरच्या घरातून रोज बघत असे. आठ-आठ वर्षांची पोरं रांगेने उभी. एकेक जण पुढे होऊन पंच्याखाली हात घालतोय, कपाळाला आठ्या पाडतोय, मान हलवून "परवडत नाही" म्हणून चार पावलं परत फिरतोय, आणि दाजी त्याला हाक मारून बोलावतायत. सौदा तुटला की पोरगं दगडी गडग्यावर जाऊन विचार करत बसायचं आणि पुन्हा यायचं. ठरलेला भाव कुणी कुणाला सांगायचा नाही, अशी शपथ होती. "जो भाव फोडतो त्याला पुढल्या वर्षी बाग मिळत नाय," असं दाजींनी बजावलं होतं, आणि गिरगाव-परळच्या ज्या पोरांनी उभ्या जन्मात बाग घ्यायचा विचार केला नव्हता, तीही या धमकीला घाबरून होती.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. दाजी स्वतः टीव्हीकडे पाठ करून बसायचे. पोरं किंचाळत असायची, ठिपका टुकटुकत असायचा, आणि हे रस्त्याकडे तोंड करून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, विकताना मालाकडं बघू नये, माया लागते.

मी त्या वेळी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि माझी पंधरा दिवसांची रजा शिल्लक होती. शहाण्या माणसाच्या हाती रिकामे पंधरा दिवस देऊ नयेत, माझ्या तर मुळीच नाही. मी रांग मोजली. पोरं इतकी, दिवसाचे अर्धे तास इतके. दोन पट्ट्या नि एका ठिपक्यावर हा म्हातारा एवढी गर्दी खेचतो, तर खरोखरीचा चांगला माल आणला तर काय होईल? नेमका माझा मावसभाऊ बोटीवरून उतरला होता आणि त्याने सिंगापूरहून एक मशीन आणलं होतं. खोक्यावर रंगीत चित्रं, दोन दांड्या, एक प्लास्टिकची बंदूक आणि मोठ्या आकड्यात लिहिलेलं, एकशे एक गेम. दाजींचे दोन, माझे एकशे एक. यापुढे विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

तीन हजार रुपये माझ्या बायकोने, मालतीने, स्वयंपाकघरात फरशी घालायला जमवले होते. पावसाआधी दुप्पट करून देतो म्हणालो. तिने फक्त जमिनीकडे बघितलं, आमच्या सारवलेल्या जमिनीकडे, निरोप द्यावा तसं.

मशीन आल्याचं कळताच दाजी बघायला आले. त्यांनी खोकं उचललं, उलटं केलं, वाजवून बघितलं.

"वरचा थर बरा दिसतोय," म्हणाले. "खालचा बघितलास?"

आंब्याच्या पेटीत वर टपोरी फळं मांडून खाली बारकी भरायची, ही लबाडी त्यांना पाठ होती. मी हसलो. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला धसका बसला.

खालचा थर मला त्याच संध्याकाळी दिसला. बारा गेम वेगळे होते. तेराव्यापासून तेच बारा पुन्हा सुरू झाले, जरा जोरात. पंचविसाव्यापासून तेच बारा, पण आकाश काळं. पुढे कुठे तरी तेच बारा आवाजाशिवाय. एकशे एकावा गेम म्हणजे पाचवाच, फक्त त्यातला माणूस उलट्या बाजूने चालत होता.

दुसरी गंमत अशी की मशीन रंगीत होतं आणि माझा टीव्ही काळा-पांढरा. पोरांचा सर्वांत आवडता गेम असा होता की लाल विमानं पाडायची आणि हिरवी वाचवायची. माझ्या टीव्हीवर सगळीच विमानं राखाडी. पोरं आपलीच विमानं पाडायची आणि मग मला विचारायची, काका, हे आपलं होतं का? मी खोक्यावरचं चित्र बघून अंदाजाने निकाल द्यायचो.

तरी मी डगमगलो नाही. पुठ्ठ्याच्या पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "१०१ गेम. अर्धा तास आठ आणे." पहिले दोन दिवस माझ्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी सगळी पोरं गडगा ओलांडून परत दाजींकडे. मी चार आणे केले. चार पोरं आली. मी वर कोकम सरबत ठेवलं. सरबत पिऊन ती गेली. लाइट गेली तर पुढचा अर्धा तास मोफत, अशी सवलत काढली, तर पोरं लाइट जायची वाट बघत बसू लागली आणि ती जाऊन आली की फुकट खेळायला म्हणून नाव लिहून ठेवू लागली.

सगळ्यांत चीड याची यायची की दाजींनी काहीच केलं नाही. ना काही वाढवलं, ना काही कमी केलं. उलट माझी पाटी वाचायला चाळिशी लावून आले, वाचली आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले.

आणि माझा स्वतःचा मुलगा मंगेश, चौथीतला, ज्याला घरी दिवसभर फुकट खेळता येत होतं, तो रोज दाजींच्या रांगेत. मी त्याला धरून विचारलं की अरे, दोन पट्ट्या आणि एक ठिपका, तिथे आहे तरी काय?

"तिथे भाव करता येतो, बाबा," तो म्हणाला. "तुमच्याकडे लिहिलेलाच आहे."

मग मी पाटी काढली आणि टॉवेल घेतला. घरात पंचा नव्हता म्हणून अंघोळीचा, चांगला जाड. पहिला सौदा मंगेशशीच केला, पोरांची भीड चेपावी म्हणून. भोवती कडं जमलं. त्याने आत हात घातला आणि चेहरा असा पाडला की मला क्षणभर तो आजारी वाटला. मी एक बोट धरलं. त्याने काही तरी दाबलं. त्या जाड टॉवेलातून काय कळणार? मी अनुभवी माणसासारखा हुंकार दिला. त्याने माझा अंगठा पिरगळला, तळव्यावर बोट ओढलं. मी मान हलवली. सौदा झाला. मंगेशने हात बाहेर काढला, पुसला आणि अदबीने सांगितलं की भाव मी फोडणार नाही, पण तुम्ही मला सव्वा रुपया द्या.

म्हणजे त्याने खेळायचं आणि वर पैसे मी द्यायचे, असं मी कबूल केलं होतं. कबूल म्हणजे कबूल. साक्षीला अख्खी वाडी उभी. मी दिले. दुपारी आणखी सहा पोरांनी मला असंच गाठलं, आणि त्यात एक मुलगी तर अशी होती की जिला अजून शंभरापर्यंत आकडे येत नव्हते.

त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. पाटी परत लावली आणि तिच्यावर एकच शब्द लिहिला, फुकट.

याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. गावातली, शेजारच्या वाडीतली, आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर जायला निघालेली पाहुण्यांची पोरंसुद्धा माझ्या पडवीत. दाजींची पडवी ओस पडली. मी जिंकलो होतो. मिळकत शून्य, सरबताचा खर्च चालू, पण जिंकलो होतो. समोर दाजी टीव्ही लावून, टीव्हीकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत बसलेले दिसायचे. खुंटी फिरवायला कुणी नसल्याने ठिपका पट्टी चुकवून बाहेर जायचा आणि आपला आपणच परत यायचा. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी दुपारी दाजी माझ्या पायऱ्या चढून आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, खांद्यावर धुतलेला पंचा.

"वसंता," म्हणाले, "अर्धा तास खेळायचा हाय. भाव काय?"

आणि त्यांनी पंचा पसरून हात त्याखाली पुढे केला.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, शरण आले. मी मोठ्या मनाचा विजयी वीर. हात जोडून म्हटलं, दाजी, तुम्हाला कसला भाव, फुकट आहे, बसा की, सरबत घ्या.

दाजींनी हात तसाच पुढे ठेवला. पंच्याखाली त्यांचा पंजा उघडा होता, ते वरूनही कळत होतं. मग त्यांनी हात काढला, पंचा झटकला, त्याची चौघडी केली.

"फुकट नको रे," म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

मालती दारात उभी होती. तिने हातातली सरबताची तांब्या-भांडी खाली ठेवली. आंबोशीची बरणी द्यायला ती आठ दिवसांपूर्वी दाजींकडे गेली होती आणि त्यांनी तिला जे सांगितलं ते तिने मला तोवर सांगितलं नव्हतं, कारण मी हिशेबात होतो.

"विलासचा माणूस येतो, बागा बघतो, भाव फोनवर मुंबईत ठरतो," ती म्हणाली. "मला म्हणाले, पोरी, चार वर्षं ह्या पंच्याखाली कुणाचा हात आला नव्हता. यंदा तीस-तीस हात येतायत."

मला नेहमी उशिरा कळतं, पण कळलं की एकदम कळतं, छपरावर नारळ पडावा तसं. मी ज्याला धंदा समजत होतो तो दाजी पट्ट्यांवर आणि ठिपक्यावर करतच नव्हते. अर्ध्या तासाचा खेळ पोरं खेळायची ते टीव्हीवर. दाजींचा खेळ त्याच्याआधी पाच मिनिटं व्हायचा आणि त्यात दुसरा गडी लागायचा. मी सगळे गडी फुकटात पळवले होते, आणि शेवटी ते स्वतः गडी होऊन आले तेव्हा त्यांना सरबत देऊ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन खोक्यात भरलं, वर बंदूक ठेवली आणि दाजींच्या पडवीत नेऊन ठेवलं. म्हटलं, दाजी, माल विकायचा आहे.

दाजींना आनंद झाला असेल, पण दाखवला नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, खांदे पडले, डोळ्यांत जन्माची निराशा आली. तीस वर्षांचा सराव. त्यांनी खोकं उघडलं, एकेक वस्तू बाहेर काढून उन्हात धरली, बंदुकीचा वास घेतला. म्हणाले, माल उतरलेला हाय, पण बघू. आणि पंचा टाकला.

मी मनाशी ठरवून आलो होतो की आज म्हाताऱ्याला जिंकू द्यायचं. पंच्याखाली त्यांचा हात हाताला लागला. आंब्याच्या चिकाने भाजून भाजून कातडं जाड झालेलं, बोटं खरखरीत.

मग जे झालं ते तासभर झालं. दाजी तीनदा उठून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मीही दोनदा खोकं उचललं. त्यांनी माझ्या आजोबांची आठवण काढली, ते किती सरळ होते म्हणून. मी दुबईच्या मालाला नावं ठेवली. पोरं एक एक करून जमली, मंगेश पुढे बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता आणि मध्येच कपाळावर हात मारून घेत होता. पंच्याखाली मी जे दाबलं त्याला दाजींनी काय मानलं आणि त्यांनी जे दाबलं त्याला मी काय समजलो, हे देवच जाणे. शेवटी त्यांनी माझा पंजा दोन्ही हातांनी दाबला आणि पंचा ओढून घेतला. सौदा पक्का.

भाव मी सांगणार नाही. रीत आहे. मालतीलाही सांगितलेला नाही, अजून विचारते. एवढंच सांगतो की तो आकडा ठरल्यावर दाजींनी जेव्हा सदऱ्याच्या खिशातून तेवढे पैसे काढले, तेव्हा त्यांना खिशात दोनच बोटं घालावी लागली.

संध्याकाळी पडवीत दोन टीव्ही लागले होते, दुसरा माझाच, दाजींनी दर अर्ध्या तासाच्या भाड्याने माझ्याकडून पंच्याखाली मिळवलेला. दोन मालांचे दोन भाव, रांग गडग्याच्या बाहेर गेलेली, आणि दाजी दोन्ही पडद्यांकडे पाठ करून गिऱ्हाईक घेत होते. मी एका कडेला उभा राहून बघत होतो. मनात बरं वाटत होतं. आपण हरून कुणाला तरी जिंकवलं, या विचाराने माणूस जरा ताठ उभा राहतो, तसा उभा होतो. दाजींचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी रांग थांबवली आणि मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला, पण पोरांना ऐकू जाईल इतकाच.

"वसंता, मेल्या, तुला वाटत असेल तू मला जिंकू दिलंस. नाय. तुला भाव करताच येत नाय. उद्या सकाळी वायच लवकर ये, पहिल्या बोटापासून शिकवतो. आणि परवा पण ये, एका दिवसात तुज्या डोक्यात काय जायचा नाय."